पोलंडला निघण्याआधी: इतिहासाच्या अभ्याससहलीची तयारी वळिवड्यापासून

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी आम्ही निघतोय. इतिहासाच्या एम. ए.ची चौदा मुलं-मुली, दोन शिक्षक, अकरा दिवस, वॉर्सा आणि क्राकूफ. आज मोजले तर १९ दिवस उरलेत. घरात बॅग उघडीच पडली आहे. रोज तिच्यात काहीतरी जातं आणि रोज काहीतरी बाहेर निघतं.

मी अजून पोलंड पाहिलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. त्यामुळे ‘तिथे गेल्यावर हे चुकवू नका’ छापाचं काही लिहायचा मला अधिकार नाही. पण सात महिने तयारी चालली आहे आणि त्यात केलेल्या चुका अजून ताज्या आहेत. एकदा जाऊन आले की त्या विसरून जाईन आणि फक्त फोटो दाखवत बसेन. म्हणून पुढच्या बॅचसाठी, आणि इतिहास बघायला पहिल्यांदाच देशाबाहेर निघालेल्या कुणासाठीही, हे आत्ताच लिहून ठेवते. ज्या क्रमाने आम्ही करायला हवं होतं त्या क्रमाने लिहिते. आम्ही बरंच उलटसुलट केलं.

पहिलं काम: घराजवळचं टोक शोधा

सहल जाहीर झाली त्या दिवशी आमच्या ग्रुपवर सगळे आउश्वित्झ या नाझी छळछावणीचे व्हिडिओ टाकायला लागले. सरांनी दुसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, “वळिवड्याला कोण कोण जाऊन आलंय?” चौदातले दोघे. तेही गांधीनगरला कापड घ्यायला.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. १ सप्टेंबर १९३९ला जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत फौजा आत शिरल्या. पूर्व पोलंडमधली लाखो माणसं १९४० आणि ४१मध्ये घरातून उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेली गेली. मग जर्मनीने रशियावरच हल्ला केल्यावर समीकरण बदललं. जुलै १९४१मध्ये पोलंडचं लंडनमधलं निर्वासित सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला, कैदेतले पोलिश लोक सुटले आणि त्यातले बरेच इराणमार्गे बाहेर पडले. त्यातलीच सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूर संस्थानात वळिवड्याच्या छावणीत राहिली. शाळा, चर्च, दवाखाना, मुलांची स्काउट पथकं असं छोटं पोलिश गावच तिथे उभं होतं. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि त्याचं गांधीनगर झालं. आपण दिवाळीला जिथे पडद्याचं कापड स्वस्त मिळतं म्हणून जातो, ते हेच.

तेव्हा पहिली पायरी अशी: ज्या देशात जाणार त्याचा तुमच्या गावाशी, तालुक्याशी, जिल्ह्याशी काही धागा आहे का ते शोधा आणि तिकिटं काढायच्या आधी तिथे पायी फिरून या. आम्ही एका रविवारी मिरज पॅसेंजरने वळिवडे स्टेशनवर उतरलो. स्टेशन एवढंसं. तिथून गांधीनगरच्या गल्ल्यांत शिरलो तर दोन्ही बाजूंना साड्यांचे गठ्ठे, हमालांची ‘बाजू, बाजू’ आणि आमच्या हातात वह्या. एका दुकानदारकाकांनी बसवून चहा पाजला. त्यांचे वडील सिंधमधून आले तेव्हा छावणीच्याच एका खोलीत राहिले होते. “आम्हाला तयार घर मिळालं, पण ते कुणाचं होतं ते आम्ही नाही विचारलं,” असं ते म्हणाले. हे वाक्य माझ्या वहीत पहिल्या पानावर आहे.

मग कोल्हापुरात महावीर गार्डनमधला पोलिश लोकांच्या आठवणीचा स्तंभ पाहिला. त्या बागेत मी लहानपणी घसरगुंडीवर खेळले आहे. स्तंभ आठवत नव्हता. २०१९ साली छावणीत बालपण गेलेले काही पोलिश आजी-आजोबा कोल्हापुरात आले होते, तेव्हा मी शाळेत होते. ते पेपरात आलं होतं, आमच्या घरी तो पेपर रद्दीत गेला.

नाशिकचे असाल, रत्नागिरीचे असाल, तुमचा धागा वेगळा असेल. कदाचित नसेलही. पण शोधायचा प्रयत्न केल्याशिवाय व्हिसाच्या मागे लागू नका, कारण एकदा कागदपत्रं सुरू झाली की डोक्यात दुसरं काही राहत नाही.

दुसरं: दोन रकान्यांची कालरेषा

हे काम दोन संध्याकाळींचं आहे आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. एका मोठ्या कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे ‘त्यांचं’, उजवीकडे ‘आपलं’.

पोलंडचे लचके रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने तीन वेळा तोडले: १७७२, १७९३ (यात ऑस्ट्रिया नव्हता), १७९५. तिसऱ्या वेळी देशच नकाशावरून गेला, तो १२३ वर्षांनी, ११ नोव्हेंबर १९१८ला परत आला. नुसतं वाचलं तर हे आकडे परीक्षेपुरते राहतात. उजवा रकाना भरताना मात्र मी थांबले. १७७२ म्हणजे थोरले माधवराव थेऊरला वारले ते साल. १७९५च्या मार्चमध्ये खर्ड्याची लढाई, आणि ऑक्टोबरमध्ये सवाई माधवरावांचा शनिवारवाड्यात अंत. पोलंडच्या शेवटच्या फाळणीचा करारही त्याच ऑक्टोबरातला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, आणि मी तो जोडतही नाहीये. पण आता मला १७९५ कधी विसरता येणार नाही. परका काळ लक्षात ठेवायला आपल्या ओळखीची खुंटी लागते.

कालरेषा घडी घालून वहीत ठेवा. मोबाइलवर बनवू नका, तिथे ती कुणी उघडत नाही.

तिसरं: प्रश्न एकच घेऊन जा

सरांनी सांगितलं होतं की प्रत्येकाने निघण्याआधी एक प्रश्न लिहून द्यायचा, जास्तीत जास्त दोन ओळींचा. मी पहिल्यांदा लिहिलं, ‘दुसऱ्या महायुद्धाचा पोलंडवर काय परिणाम झाला?’ सरांनी कागद परत केला आणि म्हणाले, “याचं उत्तर द्यायला तुला अकरा दिवस नाही, अकरा जन्म लागतील.”

चांगला प्रश्न लहान असतो आणि त्यात माणूस असतो. माझा शेवटी असा झाला: वळिवड्याच्या बायका १९४८नंतर कुठल्या घरी गेल्या?

याच्यामागे लागले तेव्हा एक गोष्ट कळली आणि आमच्या सहलीचा नकाशाच हलला. युद्ध संपल्यावर पोलंडच्या सीमा पश्चिमेकडे सरकवल्या गेल्या. छावणीतली बहुतेक कुटुंबं ज्या पूर्व भागातली होती तो भाग सोव्हिएत संघात गेला. आज तो युक्रेन, बेलारूस आणि लिथुआनिया या देशांत आहे. ल्वूफ हे पोलिश शहर आता युक्रेनचं ल्विव आहे. म्हणजे मी ज्यांच्या शोधात पोलंडला निघाले आहे त्यांची घरं आजच्या पोलंडमध्ये नाहीतच. पुष्कळ जण म्हणूनच परतले नाहीत, इंग्लंडला आणि आणखी कुठे कुठे गेले.

मला आधी वाईट वाटलं, चुकीच्या देशाचं तिकीट काढल्यासारखं. सर खूश झाले. प्रश्नाने तुमचं गृहीतक मोडलं तर तो कामाचा, असं त्यांचं म्हणणं. मला अजून पूर्ण पटलेलं नाही, पण प्रश्न बदललेला नाही.

आमच्यातल्या एकाचा प्रश्न वॉर्साच्या जुन्या शहराबद्दल आहे आणि तो मला माझ्यापेक्षा चांगला वाटतो. १ ऑगस्ट १९४४ला संध्याकाळी पाचला वॉर्सात जर्मनांविरुद्ध उठाव सुरू झाला. तो ६३ दिवस टिकला. त्यानंतर जर्मनांनी शहर पद्धतशीर, घर क्रमांक लावून उडवलं. आज तिथे जे ‘जुनं शहर’ दिसतं ते युद्धानंतर बांधलेलं आहे. बांधताना जुनी मोजमापं वापरली, आणि अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तो या चित्रकाराने काढलेली शहराची बारीक तपशिलांची चित्रंही. जुन्या बाजाराचा चौक १९५३ साली खुला झाला, राजवाडा तर १९८४मध्ये. १९८०ला युनेस्कोने हे जुनं शहर जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. मित्राचा प्रश्न असा: नव्याने बांधलेली जुनी वास्तू ऐतिहासिक म्हणायची का? रायगडाच्या चर्चेत आपल्याकडे हाच वाद किती वर्षं चालू आहे. तो तिथून उत्तर घेऊन येणार नाही हे मला माहीत आहे. पण भिंतीसमोर उभा राहील तेव्हा नुसता ‘मस्त’ म्हणून पुढे जाणार नाही.

चौथं: कागदपत्रं, आणि आडनावाचा घोटाळा

पोलंड शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. कमी मुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि किमान पंधरा दिवस आधी अर्ज करता येतो. पंधरा दिवसांवर विसंबून राहू नका, तारखाच मिळत नाहीत. फी ९० युरो, वर व्हिसा केंद्राचा सेवाखर्च, आणि व्हिसा नाकारला तरी पैसे परत येत नाहीत. पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. बाकी नेहमीचं: विमानाचं आरक्षण, राहण्याची सोय, पालकांचं बँक स्टेटमेंट आणि आयकर विवरण, कॉलेजचं पत्र, आणि खर्च कोण करणार याचं पालकांचं पत्र.

आता घोटाळा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि शेवटी आईचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि ‘दिलेलं नाव’ या रकान्यात कुणाचं फक्त स्वतःचं तर कुणाचं स्वतःचं आणि वडिलांचं एकत्र. माझं कॉलेजचं पत्र गुणपत्रिकेप्रमाणे आलं, विमा नुसत्या नाव-आडनावाने काढला आणि विमानाचं आरक्षण पासपोर्टप्रमाणे झालं. तीन कागद, तीन बायका. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर जाऊन मुंबईत सकाळी व्हिसा केंद्राच्या खिडकीवर उभी राहिले तर पत्र आणि विमा दोन्ही दुरुस्त करून आणा म्हणून परत पाठवलं. रडू आलं. नऊ दिवस गेले आणि दुसऱ्या वेळचं रेल्वेचं भाडं बाबांनी एक शब्द न बोलता दिलं. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हा: पासपोर्टचं शेवटून दुसरं नाही, पहिलं माहितीचं पान उघडा, त्यावर इंग्रजीत जसं छापलंय तसं, त्याच क्रमाने, तेवढ्याच स्पेलिंगने नाव एका कागदावर लिहा. तो कागद कॉलेजच्या कार्यालयात, विमावाल्याला, तिकीट काढणाऱ्याला, सगळ्यांना द्या. तोंडी सांगू नका.

आणि पासपोर्टला हळद-कुंकू लावू नका. हसू नका, आमच्यातल्या एकीच्या आजीने लावलंय.

पाचवं: आउश्वित्झची वेळ आधी राखून ठेवा

क्राकूफपासून साधारण ६५-७० किलोमीटरवर ओश्व्येंचिम नावाचं गाव आहे. जर्मनांनी त्याचं नाव आउश्वित्झ केलं. तिथलं स्मारक-संग्रहालय बघायला प्रवेशशुल्क नाही, पण प्रवेशपत्र लागतं आणि ते नावावर असतं. संग्रहालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरच काढा. गाइडबरोबर जायचं तर गाइडचे पैसे. दारावर ओळखपत्र बघतात, म्हणजे पुन्हा तेच, पासपोर्टवरचं नाव. मोठी बॅग आत नेता येत नाही, आकाराची मर्यादा तिथेच दिलेली असते, जायच्या आठवड्यात एकदा तपासा. आउश्वित्झ आणि बिर्केनाऊ या दोन जागा आहेत, मधलं अंतर सुमारे तीन किलोमीटर, ने-आण करायला बस असते. दोन्ही मिळून साडेतीन तास तरी धरा. फ्लॅश न वापरता फोटो काढता येतात. अपवाद दोन: कैद्यांचे केस ठेवलेली खोली आणि ११ क्रमांकाच्या इमारतीचं तळघर.

आकडे निघण्याआधी पाठ करून जा, तिथे पहिल्यांदा ऐकू नका. १९४० ते १९४५ या काळात सुमारे १३ लाख माणसं तिथे आणली गेली, त्यातली ११ लाख मारली गेली. त्यात दहा लाखांच्या आसपास ज्यू, सत्तर हजारांहून जास्त पोलिश, एकवीस हजारांच्या जवळ रोमा समाजाचे लोक, शिवाय सोव्हिएत युद्धकैदी. १४ जून १९४०ला पहिली मोठी तुकडी आली ती ७२८ पोलिश राजकीय कैद्यांची. २७ जानेवारी १९४५ला सोव्हिएत सैन्य पोचलं तेव्हा सुमारे सात हजार जिवंत होते.

एक शब्द जपून वापरा. ‘पोलिश छळछावणी’ असं चुकूनही म्हणू किंवा लिहू नका. जागा पोलंडमध्ये होती, छावणी जर्मन नाझींची होती. पोलिश लोकांना हा शब्द फार लागतो, आणि वस्तुस्थिती म्हणूनही तो चूकच आहे. युनेस्कोच्या यादीतलं नावसुद्धा २००७मध्ये बदलून त्यात ‘जर्मन नाझी’ हे शब्द स्पष्ट घातले गेले. आम्ही अजून एक ठरवलं आहे. कडक शिक्षकांना ‘हिटलर’ म्हणायची आपल्याकडे जी सवय आहे ती सहलीपुरती नाही, आत्तापासून बंद. दोन महिन्यांत तीन वेळा माझ्याच तोंडून निघालं, तेव्हा कळलं की सवय किती मुरलेली आहे.

त्या दिवशी संध्याकाळी दुसरं काही ठेवू नका. आधी जाऊन आलेल्या एका ताईने आम्हाला हे बजावलं आहे: “परत आल्यावर मिठाच्या खाणी, शॉपिंग वगैरे काही लावू नका. जेवा, झोपा. बोलावंसं वाटेल त्याने बोला, नाही त्याला बोलायला लावू नका.”

आता उत्सुकतेचं. मला तिथे जायची उत्सुकता आहे, असं म्हणायला लाज वाटते. दिवस मोजतेय, नवीन बूट घेतलेत, आणि कशासाठी तर माणसं मारण्याच्या जागेसाठी. हे मी एकदा वर्गात बोलून टाकलं तर आणखी सहा जण तेच म्हणाले. कुणाकडेच उत्तर नव्हतं. मी एवढंच करते की ज्या दिवशी फार उत्साह येतो त्या दिवशी वॉर्साच्या घेट्टोतल्या (जर्मनांनी ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीतल्या) गुप्त दप्तराबद्दल थोडं वाचते. इतिहासकार इमानुएल रिंगेलब्लुम आणि त्यांच्या साथीदारांनी घेट्टोत कोंडलेलं असताना रोजचं जगणं नोंदवलं: पत्रं, शाळेचे निबंध, रेशनकार्डं, चॉकलेटचे कागदसुद्धा. मग ते पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये घालून पुरलं. पेट्या १९४६ला सापडल्या, दुधाचे कॅन १९५०ला. तिसरा साठा अजून मिळालेला नाही. वॉर्साच्या ज्यू इतिहास संस्थेत त्यातला एक कॅन ठेवलेला आहे. पूर्ण सहलीत मला सगळ्यात जास्त काय बघायचंय विचाराल तर तो कॅन. आमच्या गोकुळच्या डेअरीत असतो तसाच, झाकणाचा. माणसं मरणाच्या दारात असताना दप्तर लावत बसली होती, आणि आम्ही जर्नल वेळेत देत नाही.

सहावं: चार शब्द पोलिश

भिऊ नका, मराठी माणसाला एक सोय आहे. पोलिशमधलं ‘सी’ अक्षर आपल्या ‘चाक’, ‘चूल’मधल्या ‘च’सारखं वाजतं, ‘चहा’मधल्यासारखं नाही. हिंदीवाल्यांना हा च मुद्दाम शिकावा लागतो, आपल्याला आयता मिळालाय. ‘डब्ल्यू’ दिसला की व (शब्दाच्या शेवटी फ), ‘जे’ दिसला की य, ‘सी-झेड’ म्हणजे चहाचा च, ‘एस-झेड’ म्हणजे श. म्हणून क्राको नाही, क्राकूफ. पोलिश लोक स्वतः वॉर्साला वार्शावा म्हणतात.

‘जेन डोब्री’ म्हणजे नमस्कार, दुकानात शिरतानाच म्हणायचा. ‘जेंकूये’ म्हणजे आभारी आहे. ‘प्शेप्राशाम’ म्हणजे माफ करा, जरा बाजूला व्हा. ‘बेझ मिएन्सा’ म्हणजे मांसाशिवाय. विभक्त्या सात आहेत. शिकायला गेलात तर आठवीचं व्याकरण आठवेल, तेव्हा जाऊ नका.

सातवं: बॅग

इथे एक प्रसंग सांगायलाच हवा. दसऱ्याला आमच्याकडे नवीन वस्तूंची पूजा असते. आईने माझी नवी बॅग पाटावर ठेवली, झेंडूचं फूल वाहिलं आणि कुंकवाने झाकणावर ठसठशीत स्वस्तिक काढलं. राखाडी बॅगेवर लाल स्वस्तिक. मी दारातच थांबले. कसं सांगायचं? आईला हिटलर माहीत आहे, पण तिचं स्वस्तिक आणि त्याचं चिन्ह तिच्या डोक्यात कधी एका जागी आलेलंच नाही, आणि येण्याचं कारणही नाही. मी फोनवर बिर्केनाऊचा रेल्वेमार्ग जिथून आत जातो त्या दरवाज्याचा फोटो दाखवला आणि म्हटलं, “आई, इथे ही बॅग घेऊन मी उतरणार.” तिने थोडा वेळ बघितलं. ओलं फडकं घेऊन स्वतःच पुसलं. मग बॅग उघडली आणि आतल्या अस्तराला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, बोटाने ‘श्री’ काढलं. बाहेर अजून फिकट गुलाबी डाग आहे, तो साबणानेही जात नाही.

आपल्या स्वस्तिकाचा अर्थ वेगळा आहे, ते आडवं-तिरकं नसतं, हजारो वर्षांचं आहे, हे सगळं खरं. पण विमानतळावर किंवा स्मारकाच्या दारात उभं राहून ते समजावून सांगायची वेळ आणू नका. किचेन, देवळातली कापडी पिशवी, पासपोर्टचं कव्हर, गळ्यातलं पेंडंट, मेंदीची नक्षी, सगळं एकदा तपासा. पोलंडमध्ये नाझी विचारांचा जाहीर प्रचार गुन्हा आहे. तुमचा हेतू तो नसला तरी समोर उभ्या असलेल्या माणसाचे आजोबा अशाच छावणीत मारले गेलेले असू शकतात.

खाण्याचं: दूध आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात न्यायला मनाई आहे. म्हणजे पेढे, खवा, तुपाची बरणी, सुकं मटण, सगळं घरी. जयसिंगपूरचा भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, थालीपिठाची भाजणी चालेल (भाजणी कशावर थापणार हा प्रश्न वेगळा). तिथे स्वस्तात जेवायला ‘बार म्लेच्नी’ नावाच्या साध्या खाणावळी असतात, नावाचा अर्थ दुधाचा बार. ‘पिएरोगी रुस्किए’ म्हणजे बटाटा आणि पनीरसारखं चीज भरलेल्या उकडलेल्या करंज्या, शाकाहारींना आधार. मात्र त्यावर तळलेल्या डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे भुरभुरतात, म्हणून मघाचे शब्द आधीच म्हणायचे.

कपड्यांचं फार लिहीत नाही. ऑक्टोबरअखेर तिथे आपल्या महाबळेश्वरच्या पहाटेपेक्षा जास्त थंडी आणि पाऊस असतो. एक जाड कोट, आतले गरम कपडे, आणि पाणी आत न जाणारे बूट. बूट दोन आठवडे आधी घालून फिरा. मी रंकाळ्याला रोज दोन फेऱ्या मारते आहे आणि लोक विचारतात, पोरी, ट्रेकला चाललीस काय?

चलन झ्लॉटी आहे, युरो नाही. यंत्रातून पैसे काढताना किंवा कार्ड घासताना ‘रुपयांत दाखवू का’ असं विचारलं तर नको म्हणा आणि झ्लॉटीच निवडा, नाहीतर दर महाग पडतो. ट्रामचं कागदी तिकीट काढून चालत नाही, आत चढल्यावर यंत्रात घालून छाप उमटवावी लागते.

वेळेचं एक गंमतशीर आहे. उन्हाळी वेळेत पोलंड आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात आणि फरक साडेचार तासांचा होतो. आमची सहल नेमकी त्यावर आली आहे. आईला फोन करायच्या वेळा दोन रकान्यांत लिहून फ्रिजवर लावल्या आहेत.

शेवटचं: वही आणि १ नोव्हेंबर

वही कोऱ्या पानांची घ्या. डाव्या पानावर फक्त जे दिसलं ते: जागा, तारीख, फलकावरचा मजकूर जसाच्या तसा. उजव्या पानावर तुम्हाला काय वाटलं ते. दोन्ही एका पानावर लिहिलं की महिन्याभराने कुठलं कोणतं ते कळत नाही. प्रत्येक जागेपुढे एक खूण करायची आम्ही ठरवली आहे: मूळ वस्तू असेल तर ‘मू’, पुन्हा बांधलेली असेल तर ‘पु’, नंतर उभारलेलं स्मारक असेल तर ‘स्मा’. क्राकूफच्या घेट्टो चौकातल्या मोठाल्या रिकाम्या खुर्च्या ‘स्मा’. वॉर्साचा जुना चौक ‘पु’. दुधाचा कॅन ‘मू’.

कार्यक्रम आखताना सुट्ट्या बघा. बहुतेक रविवारी मोठी दुकानं बंद असतात. १ नोव्हेंबरला तिकडे सर्व संतांचा दिवस असतो, सार्वजनिक सुट्टी. दुकानं बंद, पण लोक कुटुंबासकट कब्रस्तानात जातात आणि कबरींवर दिवे लावतात. आम्हाला आधी वाटलं, एक दिवस फुकट गेला. आता तोच दिवस आम्ही वॉर्सासाठी राखला आहे. दुपारी कोल्हापूरच्या नावाने वॉर्सात उभारलेल्या स्मारकाकडे जायचं, जिथे वळिवड्याची आठवण आहे. जामनगरच्या जामसाहेबांनी पोलिश मुलांना आसरा दिला म्हणून त्यांच्या नावाने तिथे ‘चांगल्या महाराजांचा चौक’ही आहे, तो वाटेत जमला तर. संध्याकाळी पोवोंझ्की कब्रस्तान.

शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून मी चार पणत्या आणल्या. दोन घरच्या दिवाळीला, दोन कोल्हापूरच्या स्मारकापाशी. आजीने वाती वळून दिल्या. तेल बॅगेत सांडतं आणि हातसामानात चालत नाही, म्हणून ते तिथेच घ्यायचं. पोलिशमध्ये तेलाला ‘ओलेय’ म्हणतात, तेवढं पाठ केलंय. पणत्या लोकरी मोज्यांत एकेक करून घातल्या आणि बुटांच्या आत कोंबल्या. काल बॅग हलवून पाहिली, आवाज आला नाही.